पोळी-भाजी केंद्र: मदतीला माणसं आहेत, पण काम सोपवायचं कसं?

हा लेख घरातून किंवा छोट्या गाळ्यातून पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे ज्यांच्याकडे दोन-तीन मावश्या कामाला आहेत, डबे पोचवायला एक मुलगा आहे, धंदा बरा चाललाय, आणि तरीही मालकीणबाई सकाळी पाचपासून रात्री ओटा धुवेपर्यंत उभ्याच, भाचीच्या साखरपुड्याला पण अर्धा तास तोंड दाखवून परत. मी स्वतः याच धंद्यात आहे आणि नवीन बायका विचारायला येतात तेव्हा बहुतेकींचं म्हणणं एकच असतं, माणसं ठेवली, पगार सुरू झाले, पण माझं काम काही कमी होईना.

ते कमी होत नाही कारण आपण हाताचं काम देतो आणि डोक्याचं सगळं स्वतःकडे ठेवतो. लाटायला मावशी आहे, पण किती लाटायच्या ते ताई सांगणार. भाजी टाकायला दुसरी आहे, पण मीठ ताई घालणार. काउंटरवर पोरगा आहे, पण कुणाला एक वाटी आमटी जास्त द्यायची की नाही हे विचारायला तो आत येणार. असं असेल तर तुम्ही दहा माणसं ठेवा, दहा जण प्रश्न विचारायला वाढतील. काम सोपवायचं म्हणजे त्या कामातला निर्णयही सोपवायचा, आणि तो बिनघोर सोपवता यावा म्हणून आधी थोडी तयारी करायची. ती तयारी कशी करायची तेच खाली सांगतेय.

आधी एक आठवडा फक्त प्रश्न लिहा

कामांची यादी करायला बसू नका, ती पाठच असते तुम्हाला. एक छोटी वही काउंटरजवळ ठेवा आणि आठवडाभर तुम्हाला जे जे कुणी विचारेल ते लिहा. "ताई आज पोळ्या किती?" "ताई मटकी भिजवू का?" "ताई पाचशेचे सुट्टे नाहीत." "ताई ते वरच्या मजल्यावरचे काका म्हणतायत कालची भाजी तिखट होती." सगळं लिहा, वाक्यं नको, दोन शब्द पुरे, आणि तोच प्रश्न परत आला की त्याच्यापुढे एक रेघ ओढा.

आठवड्याने ती वही बघितली की प्रश्नांचे सरळ तीन गट दिसतात. काही प्रश्नांचं उत्तर रोज तेच असतं (मीठ किती, डाळ किती भिजवायची, जैन डबा कुठला). काहींचं उत्तर वारानुसार बदलतं पण त्यात एक नियम असतो, सोमवारी इतक्या पोळ्या, रविवारी तितक्या, चतुर्थीला आणि एकादशीला कमी. आणि थोडेच प्रश्न असे असतात की तिथे खरंच माणूस बघून, वेळ बघून ठरवावं लागतं. पहिले दोन गट या महिन्यातच तुमच्या डोक्यावरून उतरू शकतात. तिसऱ्याला वेळ लागतो, त्याचं पुढे बोलू.

पहिलं काम कुठलं द्यायचं

बहुतेक जण आपल्याला कंटाळा येतो ते काम आधी देतात, भांडी, झाडू-पुसणं, लसूण सोलणं. ते द्याच, पण त्याने तुम्ही मोकळ्या होत नाही. जे काम तुम्हाला ठरावीक वेळेला ठरावीक जागी बांधून ठेवतं ते आधी द्यायचं. पोळी-भाजी केंद्रात ते काम म्हणजे अकरा ते दीडच्या पोळ्या. किराण्याची ऑर्डर तुम्ही रिक्षात बसून फोनवर देऊ शकता, तव्यासमोरून मात्र हलता येत नाही.

आणि पोळी द्यायला सोपी, कारण ती मोजता येते. १ किलो पिठाला साधारण ६०० मिली पाणी, मीठ-तेल धरून सोळाशे ग्रॅमच्या पुढे कणीक होते, ४० ग्रॅमचा गोळा धरला तर किलोला चाळीस पोळ्या. एवढं एकदा बसवलं की "पोळी बारीक झाली, जाड झाली" यावर वाद राहत नाही, गोळा काट्यावर ठेवायचा आणि बघायचं. पाण्याचं मात्र लक्षात ठेवा, गिरणी बदलली किंवा गहू बदलला की पाणी बदलतं, म्हणून ५५० पासून सुरुवात करून पुढचं हाताच्या अंदाजाने घालायचं असं सांगा. नवीन पोतं उघडलं की पहिला घाणा तिने मळायचा आणि तिनेच ठरवायचं पाणी किती लागलं, ते खडूने भिंतीवर लिहायचं. हा तिचा पहिला स्वतःचा निर्णय.

हातातलं प्रमाण कागदावर आणा

इथे जरा थांबून नीट वाचा, कारण गाडी सगळ्यात जास्त इथेच अडते. "मी अंदाजानेच घालते, मला नाही सांगता येत" असं म्हणणाऱ्या बायकांच्याच हाताला चव असते, आणि त्यांचंच केंद्र त्यांच्यावाचून एक दिवस चालत नाही.

अंदाज मोजायची सोपी पद्धत आहे. तुम्ही नेहमीसारखाच स्वयंपाक करायचा, काही बदलायचं नाही, मोजून घालायला जायचं नाही कारण मोजायला लागलं की हात बिचकतो. फक्त सुरुवात करायच्या आधी मिठाचा डबा, तिखटाचा डबा, तेलाची किटली, गूळ, सगळं इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवायचं. भाजी झाली, चव बघून झाली, वरून जे काय घालायचं ते घालून झालं, की परत सगळे डबे काट्यावर. जो फरक येईल ते तुमचं प्रमाण. समजा ५ किलो फ्लॉवर-बटाट्याला मिठाचा डबा ६५ ग्रॅमने हलका झाला, तर लिहा ६५. हीच भाजी दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करताना असं मोजा, मधला आकडा धरा. महिन्याभरात रोजच्या सगळ्या भाज्या, आमटी, कोशिंबिरी होऊन जातात.

मग तो आकडा चमच्यात बदला, कारण गर्दीच्या वेळी ग्रॅम कोणी मोजत बसणार नाही. एकच चमचा ठरवा आणि तो दोऱ्याने त्या डब्यालाच बांधा, म्हणजे दुसरा चमचा कोणी वापरणार नाही. "सपाट भरून पाच" असं सांगितलं की झालं.

ज्या मावश्यांना वाचायला जमत नाही त्यांना कागद देऊन उपयोग नाही, आणि त्यांना त्याचं वाईटही वाटतं. त्यांच्यासाठी फोटो लावा (आमटी किती दाट, भेंडी किती मोठी चिरायची, कांदा कुठल्या रंगावर आल्यावर टोमॅटो घालायचा), व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज ठेवा, आणि डब्यांना रंगीत टेप. आमच्याकडे हिरवी टेप म्हणजे जैन, निळी म्हणजे कमी तेल, लाल म्हणजे दाण्याचा कूट चालत नाही. मुंबईच्या डबेवाल्यांचं काम १८९० पासून चालत आलंय ते याच जोरावर, डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरं आणि आकडे असतात, त्यातून स्टेशन, इमारत, मजला कळतो. उपनगरात डबा उचलणारा वेगळा, गाडीत नेणारा वेगळा, ऑफिसात पोचवणारा वेगळा, आणि कोणालाही मालकाला फोन करून विचारावं लागत नाही. सगळी माहिती डब्यावरच असते.

चव जिथे ठरते ते हातात ठेवा, बाकीचं सोडा

लिज्जत पापडाचं उदाहरण बघा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केलं, आज हजारो बायका घरी पापड लाटतात. पण पीठ केंद्रावर मळलं जातं, बायका ते घरी नेऊन लाटतात, आणि पापड परत आणून दिले की त्यांचं वजन आणि तपासणी होते. चव ज्यात आहे ते पीठ एका जागी, मेहनतीचं लाटणं घरोघरी, आणि शेवटी एकदा डोळ्याखालून घालणं.

आपल्या धंद्यात ते पीठ म्हणजे मसाला. गोडा मसाला, कांदा-खोबऱ्याचं वाटण, दाण्याचा कूट, यातच तुमच्या केंद्राची ओळख आहे. ते तुम्हीच करा, पण रोज नाही. मसाला आठवड्यातून एकदा करा आणि मोजून पुड्या बांधा, ५ किलो भाजीला एक पुडी, १ किलो डाळीच्या आमटीला एक पुडी. वाटण दोन दिवसांचं करून छोट्या डब्यांत फ्रिजमध्ये. मग भाजी टाकणाऱ्या मावशीला मसाल्याचा विचारच करावा लागत नाही, पुडी फोडली की झालं, आणि तुमची रोजची सकाळ मोकळी. मला विचाराल तर या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही.

शिकवताना

क्रम साधा आहे: आधी तिने बघायचं, मग दोघींनी मिळून करायचं, मग तिने करायचं आणि तुम्ही बघायचं, मग तुम्ही तिथून निघून जायचं. शेवटच्या पायरीवर बहुतेक जणी अडतात, दारातून परत परत डोकावतात.

यात एक पथ्य कडक पाळा. तिच्या हातातलं लाटणं काढून घेऊ नका. पोळी वाकडी होतेय, फुगत नाहीये, एक जळली, होऊ दे. तुम्ही "बघू इकडे" म्हणून हातातून लाटणं घेतलंत की ती त्या दिवसापासून तुमच्या तोंडाकडे बघून काम करणार. बोलायचं ते दोन वाजता, गर्दी ओसरल्यावर, जेवताना बोला. गिऱ्हाइकासमोर तर अजिबात नाही. आणि बोलताना एकच गोष्ट सांगा, "मावशी, कडा जाड राहतायत, मधून बाहेर लाटा", बस. पाच चुका एकदम सांगितल्या तर एकही सुधारत नाही.

सासूबाई किंवा नवरा मदतीला असतील तर त्यांनाही हे सगळं तितकंच स्पष्ट सांगा. घरच्या माणसाला "ते जरा बघा हं" एवढंच म्हणून काम दिलं की ते होतं पण तुम्हाला हवं तसं नाही, आणि मग जेवायच्या ताटावर भांडण. "आई, चार वाजता येणारा दुधवाला आणि त्याचा हिशोब आजपासून तुमच्याकडे, मी त्यात बोलणार नाही" असं म्हटलं की त्यांनाही मान वाटतो.

निर्णय देताना हद्द आखून द्या

आता तो तिसरा गट. "तुम्हीच बघून ठरवा" एवढं म्हणून चालत नाही, समोरच्याला भीती वाटते, आपलं चुकलं तर पगारातून कापतील का. म्हणून हद्द आकड्यात सांगायची. आमच्याकडे हे बोलणं साधारण असं होतं:

"मावशी, आज बारा ते दोन मी नाहीये. कोणाची भाजी खारट-आंबट निघाली तर दुसरी द्या, पैसे मागू नका. दोनशे रुपयांपर्यंतचं तुम्हीच ठरवा, मला फोन नको."

"आणि ताई, एकदम पन्नास पोळ्यांची ऑर्डर आली तर?"

"अकराच्या आधी सांगितलं तर घ्या. नंतर आली तर उद्याची घ्या, आज नाही म्हणा."

"ते रागावले तर?"

"रागावू देत. मी म्हटलंय म्हणून सांगा."

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. तिने तुमच्या हद्दीत राहून निर्णय घेतला आणि तो तुम्हाला नाही पटला, तरी गिऱ्हाइकासमोर तिचीच बाजू घ्यायची. संध्याकाळी हद्द बदला हवं तर. एकदा का तुम्ही चारचौघांत तिला खोटं पाडलंत, की दुसऱ्या दिवसापासून परत "ताई, काय करू?" सुरू.

पैशाचंही तसंच. सोमवारी एका डब्यात १००० रुपये, कोथिंबीर, दही, रिक्षा, सुट्टे, सगळं त्यातून, प्रत्येक खर्चाची चिठ्ठी त्याच डब्यात, शनिवारी पैसे आणि चिठ्ठ्या मिळून हजार भरले पाहिजेत. गिऱ्हाइकाचे पैसे थेट केंद्राच्या खात्याच्या क्यूआरवर येऊ द्या आणि आवाज देणारा स्पीकर घ्या, म्हणजे पैसे आले की नाही हे बघायला तुमचा फोन लागत नाही. नेहमी खरेदीला जाणारा विश्वासाचा माणूस असेल तर यूपीआय सर्कल बघा, २०२४ मध्ये सुरू झालेली सोय आहे, त्यात तुमच्या खात्यातून दुसऱ्याला त्याच्या फोनवरून पैसे देता येतात, एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० पर्यंत, आणि तुम्ही त्याहून कमी मर्यादाही ठेवू शकता. पिन मात्र कोणालाही सांगायचा नाही, घरच्यांनाही नाही.

एक काम, एक नाव, आणि एक बदली

"सगळ्यांनी लक्ष ठेवा" म्हटलं की कोणीच ठेवत नाही आणि साडेअकराला सिलिंडर संपतो. भिंतीवर पाटी लावा: गॅस कोणाकडे (१९ किलोचा भरलेला सिलिंडर एक कायम शिल्लक पाहिजे), दही-दूध कोणाकडे, डबे मोजून गाडीत चढवणं कोणाकडे. प्रत्येक कामापुढे एक नाव, आणि त्याच्यापुढे दुसरं नाव, पहिली नसेल तर कोण.

हे दुसरं नाव फार लागतं. मावश्यांचे खाडे होणार, पोरं आजारी पडणार, गावची जत्रा असणार, लग्नसराई असणार. कोकणातली माणसं कामाला असतील तर गणपतीला ती गावाला जाणारच, त्यावर चिडून उपयोग नाही, श्रावणातच विचारून ठेवा कोण कधी जातंय. ज्या कामाला बदली नाही त्याची बदली तुम्ही असता, म्हणून गर्दी नसते अशा वारी महिन्यातून एक-दोनदा मुद्दाम जागा अदलाबदल करा, लाटणारीला भाजीवर, भाजीवालीला काउंटरवर.

तपासायचं, पण मोजकं

दिवसभर मोबाइलवर सीसीटीव्ही उघडून बसणं हे काम सोपवणं नाही, त्यापेक्षा तिथे उभं राहिलेलं बरं. कॅमेरा दारावर आणि गल्ल्यावर असू दे, पण तो रात्री गरज पडली तर बघायचा.

मी तीनच गोष्टी बघायला सांगते. साडेदहाला प्रत्येक भाजीचा एक चमचा, भाजी करणारीने नाही तर दुसरीने चाखायचा. दुपारी कुठल्याही पाच पोळ्या उचलून काट्यावर, भाजल्यावर पाणी उडून वजन उतरतं, तुमच्या तव्यावर किती उतरतं ते एकदा बघून ठेवा आणि त्याच्याशी ताडा. आणि रात्री काय किती उरलं, ते लिहायचं. उरलेल्याची वही सगळ्यात जास्त बोलते, मंगळवारी सारखी दुधी उरत असेल तर मंगळवारचा दुधी बंद, आणि हे तुमच्याआधी मावशीनेच सुचवलं तर समजा काम खरंच तिच्याकडे गेलंय.

ज्या गोष्टी देऊ नयेत

दर ठरवणं, माणूस घेणं आणि काढणं, कर्जाचे हप्ते, लायसन्सच्या तारखा. सीए जीएसटीचं बघत असेल तरी महिन्याचे आकडे तुम्ही वाचायचे. आणि शेंगदाण्याची किंवा कशाचीही ॲलर्जी असलेला डबा. आपल्या भाज्यांत कूट कुठे कुठे जातो याचा पत्ता नसतो, कोशिंबिरीत, वांग्यात, भेंडीत पण, आणि एकाच डावाने दोन पातेली ढवळली तरी पुरे होतं. असा डबा तुम्ही स्वतः किंवा तुमच्या नंतरची सगळ्यात जाणती मावशी यांनीच, वेगळ्या डावाने, आधी भरायचा. हे जमणार नसेल तर ती ऑर्डर घेऊ नका.

जबाबदारी वाढली की पैसे वाढवा

हे स्पष्टच सांगते. लाटणारीला नगावर पैसे देणं ठीक आहे, पण जी आता काउंटर बघते, तक्रारी मिटवते, हिशोब लिहिते, तिला त्याच पगारात "विश्वास टाकलाय तुमच्यावर" म्हणून राबवणं बरोबर नाही. तिचा पगार महिन्याचा करा, आणि आकडा तिच्याशी बसून ठरवा. आठवड्याची सुट्टी द्या. उचल दिली तर दोघींच्या वहीत लिहा, दोघींच्या सह्या. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) नियमाप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या आजारांवरची लस लागते, त्याचा खर्च केंद्राने करायचा, आणि त्या दिवसाचा पगार कापायचा नाही. जिथे अशी काळजी घेतात तिथे माणसं टिकतात, आणि माणूस वर्षभर टिकलं तरच शिकवलेलं कामी येतं, नाहीतर दर तीन महिन्यांनी परत पहिल्या घाण्यापासून.

सुरुवात कधी करायची

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी चालू असताना नाही, गौरी-गणपतीत नाही, जूनमध्ये हॉस्टेल आणि पीजी भरतात तेव्हाही नाही. मे महिना बरा. पोरं परीक्षा संपवून गावाला गेलेली असतात, कुटुंबं सुट्टीवर असतात, डबे कमी असतात, एखादी भाजी बिघडली तरी पाच माणसांची बिघडते. एप्रिलमध्ये प्रश्नांची वही आणि वजनं उरका, मेच्या पहिल्या आठवड्यात पोळ्या पूर्ण सोडा, दुसऱ्यात आमटी-भाजी पुडीवर आणा, तिसऱ्यात काउंटर आणि ती दोनशे रुपयांची हद्द. शेवटच्या आठवड्यात एक अख्खा दिवस केंद्रावर जाऊ नका. फोन चालू ठेवा पण स्वतःहून करू नका. कोणी फोन केला तर उत्तर द्या, आणि तो प्रश्न वहीत लिहा, जूनच्या आत त्याचंही उत्तर भिंतीवर लागलं पाहिजे.